हिरव्या ट्रंकेतली प्रत

औंध, ६ जानेवारी २०२५

शिवांजली, पोरी,

तुझं पाकीट पोस्टमन ज्ञानूने हातात ठेवलं आणि म्हणाला, "हंबीरदा, पत्र? आन् ते बी हातानं लिवल्यालं?" त्याला चहा पाजला. पाकीट फोडेपर्यंत तुझी आई माझ्या खांद्यावरून वाकून उभी होती.

फौजेत सिग्नलमध्ये असताना आमची एक पद्धत होती. आलेला संदेश परत वाचून दाखवायचा, म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं की समोरच्याने नीट घेतला. तर वाचून दाखवतो. कानामागचं यंत्र दिवाळीनंतर बंद पडलं. सांगलीत दाखवलं तर म्हणाले, हे मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं, आता काही होणार नाही. तुला सातवा महिना लागलाय. जयराजने पाळण्यापाशी एक दिवा बसवलाय, बाळ रडलं की तो लागतो. आणि शेवटी तू लिहिलंस, "दिवा चांगला आहे. पण आप्पा, मला माझ्या बाळाचं रडणं बघायचं नाही, ऐकायचंय." लग्न होऊन गेल्यापासूनचं हे तुझं पहिलं पत्र. बरोबर घेतलं ना?

तुझी अटही घेतली. मोबाईलवर मी ब्लॉकच राहणार, कारण तिथे मी हुकूम सोडतो आणि पत्रात जरा माणसासारखा बोलतो. मान्य.

आता माझं. "काही होणार नाही" म्हणणाऱ्यांना सगळं माहीत नसतं. लहानपणी डॉक्टरांनी तुझ्या डोक्यात बसवलेला भाग ठणठणीत आहे. गेलंय ते बाहेरचं यंत्र. तसलंच दुसरं माझ्याकडे आहे. मिरजेच्या कित्तूर मॅडम तुझं यंत्र लावून द्यायच्या ना, त्यांनी निवृत्त होताना ते मला दिलं. सोबत तो जुना कॉम्प्युटर, जोडायची पेटी, वायरी, सगळं दिलं. फक्त ते दुसरं यंत्र कोरं आहे. कुठला आवाज तुला किती जोरात द्यायचा, ते तुझं माप त्यात भरावं लागतं. ब्लाउजसारखंच आहे, एकीचं माप दुसरीला चालत नाही. तुझं माप त्या कॉम्प्युटरात आहे.

तो चालतो विंडोज एक्सपीवर. मापाचा प्रोग्रॅम नवीन कॉम्प्युटरवर उघडतच नाही, मी साताऱ्याला जाऊन बघून आलो. आणि एक्सपीकडे ती बनवणाऱ्यांनीच पाठ फिरवून दहा वर्षं झाली. बिनकुलपाचं घर आहे ते, कुणीही शिरावं. म्हणून मी नेटचं कार्डच उपटून टाकलंय. पेनड्राइव्हची भोकं एम-सीलने बुजवलीत, प्रत काढायला एकच ठेवलंय. परका पेनड्राइव्ह उंबऱ्याच्या आत येत नाही. डिस्कची प्रत कपाटात आहे. आठवड्यातून एकदा मशीन सुरू करून बघतो, तेवढा वेळ वीज खालीवर होऊ नये म्हणून मिक्सर आणि पाण्याची मोटर बंद. तुझी आई म्हणते, "आवं, माझ्या बाळंतपणात बी एवढी काळजी घेतली न्हवती तुमी." खरं आहे. तेव्हा मी लेहला होतो.

तुला म्हणून सांगतो, मला भीती वाटते. फौजेत नव्हती वाटली एवढी वाटते. मशीनचं बटण दाबलं की मी कॅबिनेटवर तळहात ठेवून बसतो. डिस्क फिरायला लागली की हाताला बारीक थरथर कळते. ती कळेपर्यंत श्वास घेत नाही. इतकी वर्षं एकटंच फिरतंय ते. एक दिवस फिरलं नाही तर मी तुला काय सांगणार?

पण अजून फिरतंय. आई डोहाळजेवण करायचं म्हणते. एकोणीस तारखेचा रविवार धर. मॅडमना फोन केलाय, त्या मिरजेहून येतील. माप भरण्याचं काम त्यांचं, मशीन जिवंत ठेवण्याचं माझं. जयराजलाही आण.

आप्पा

औंध, संक्रांत

शिवांजली,

तीळगूळ पाठवतोय. तुझं कार्ड मिळालं. "येते. जयराजही येतोय." आईने ते देवापाशी ठेवलंय.

एकोणीसला येऊ नकोस. यमाईच्या यात्रेची गर्दी आहे. एसटीत उभं राहायला जागा नाही. रस्ता खराब आहे. तुझी अवस्था अशी. थोडं थांबू. मशीन उत्तम आहे.

सहज विचारतो. तुझ्या रुखवतात मी एक हिरवी ट्रंक दिली होती. फौजेतली, माझं नाव पांढऱ्या रंगात घातलेली. ती आहे ना? कुणाला दिली बिली नाही ना? तिच्या तळाशी आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा आहे. तो हलवू नका. ओल लागू देऊ नका. मागच्या पावसाळ्यात तुमच्या गल्लीत कृष्णेचं पाणी शिरलं होतं असं कळलं. तेव्हा ट्रंक कुठे होती? कॉटखाली होती का? लगेच कळव.

बाकी सगळं ठीक. मशीन उत्तम आहे.

आप्पा

औंध, २१ जानेवारी

शिवा,

तुझी चिठ्ठी आली. "आप्पा, खोटं लिहिता तेव्हा तुमची वाक्यं आखूड होतात. काय झालंय?"

लेकीला बापाचं अक्षर वाचता येतं, वाक्यंही वाचता येतात. सांगतो.

तू येणार म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. आपल्याकडे कुणाच्या पोराचा वाढदिवस असो, कुणाचा बैल शर्यतीत पहिला येवो, चौकात फ्लेक्स लागतो. माझी पोर दोन वर्षांनी माहेरी येणार आणि चौक मोकळा? मी धनाजीच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. तुमचा लग्नातला फोटो दिला. हो, दोघांचा. यात्रेमुळे त्याच्याकडे मुंगीला शिरायला वाव नव्हता. म्हणाला, "हंबीरदा, लय काम हाय हितं. डिझाइन पेनड्राइव्हवर टाकून देतो, घरी निवांत बगा आन् फोटो कुठला ठिवायचा त्यो सांगा."

पेनड्राइव्ह बघायला घरी दुसरं मशीन नाही, हे तुला माहीत आहे. मी उंबऱ्यावर थांबलो. देवाशपथ थांबलो. नियम मीच केला होता. पण खिशात तुझा फोटो होता, मोठा केलेला, वर "माहेरवाशिणीचं स्वागत". एकदा बघायचा आणि लगेच काढून घ्यायचा, असं म्हटलं.

तुझ्या नावाचं फोल्डर दिसलं. दोनदा टिचकी मारली. काही उघडलं नाही. परत मारली. मग पडदा एकदा काळा झाला आणि मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं. ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं चित्र पांघरलेला व्हायरस होता. धनाजीला माहीतही नव्हतं. तो पेनड्राइव्ह वर्षभर तालुक्यातले सगळे वाढदिवस फिरून आलेला. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर आपोआप काही चालू होऊ नये याची सोय मी केव्हाच केली होती. पण आपल्याच हाताने दार उघडणाऱ्याला कोण अडवणार?

मापाचा प्रोग्रॅम उघडायला गेलो तर चूक दाखवून बंद. परत उघडला, परत बंद. तुझा फोटो तर दिसलाच नाही.

मग घाबरलेला माणूस जे करतो ते मी केलं. कपाटातली प्रत काढली आणि त्याच मशीनला जोडली. आजारी माणसाच्या ताटात निरोग्याला जेवायला बसवलं. मशीन आधी बंद करावं, डिस्क बाहेर काढावी, मग प्रतीला हात लावावा, हे मला पाठ आहे. पण हात डोक्याचं ऐकत नव्हते. दोन्ही डिस्क गेल्या. तुझी आई दारात उभी होती. "आता पोरीला काय सांगायचं वं?" मी म्हटलं, काही सांगायचं नाही. त्याच दिवशी तुला संक्रांतीचं पत्र लिहिलं.

आता एकच प्रत उरली आहे आणि ती तुझ्या ट्रंकेत आहे. तुला न सांगता ठेवली होती. तू बोलू देण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस. जयराजला ऐकू येत नाही म्हणून मी लग्नाला नको म्हणत होतो. मला वाटायचं, त्या घरात सगळं हातांनी बोलणं होणार, मग तू यंत्र काढून ठेवशील आणि माझ्या हाकेच्या बाहेर जाशील. तेव्हा तू म्हणालीस, "तुम्हाला मुलगी नकोय आप्पा. तुम्हाला चालू रेडिओ पाहिजे." तू लहान होतीस तेव्हा रोज सकाळी यंत्र लावलं की मी दाराआड जाऊन विचारायचो, "शिवा, ऐकू येतंय का? ओव्हर." ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. तू म्हणायचीस, "येतंय. ओव्हर." मला तो खेळ वाटायचा. तुला ती रोजची परीक्षा वाटत होती, हे मला त्या दिवशी कळलं. मग लग्नात मी पाहुण्यासारखा उभा राहिलो. एक काम तेवढं केलं, ट्रंक भरली.

तू ती रागाने भंगारात दिली असशील तर तसं लिही. पाण्यात गेली असेल तरी लिही. काही लिहिलं नाहीस तर मात्र माझं अवघड आहे. हल्ली ज्ञानूची सायकल वाजली की मी चप्पल न घालताच दारात जातो. तुझी आई जेवायला वाढते आणि मी पाळण्याजवळचा दिवा डोळ्यांपुढे आणत बसतो. बाळ रडतंय, दिवा लागलाय, तू पाठमोरी आहेस. एवढंच दिसतं, त्याच्या पुढचं दिसत नाही.

आप्पा

औंध, २७ जानेवारी

शिवा,

हे पत्र जावईबापूंच्याच हाती देतोय.

काल ते एसटीतून उतरले तेव्हा पोटाशी जेवणाची पिशवी धरलेली. मला वाटलं डबा. आत ब्लाउजपिसांचे थर आणि मधोमध तो पत्र्याचा डबा. कुरिअरने पाठवायला मन होईना म्हणून शिलाईचं दुकान बंद करून स्वतः आले म्हणे. तुझी चिठ्ठी मी उभ्या उभ्या वाचली. नंतर खाली बसून परत वाचली.

वाचून दाखवतो. "आत काय आहे ते आम्ही लग्नानंतरच उघडून बघितलं होतं. डिस्कवर मॅडमचं नाव वाचून मला कळलं. मी फेकायला निघाले होते. जयराजने हातातून काढून घेतलं. त्याने हातांनी सांगितलं, 'माप कुणी टाकतं का? गिऱ्हाईक भांडून गेलं तरी मी माप ठेवतो.' गल्लीत पाणी आलं तेव्हा त्याने गॅसच्या सिलिंडरच्या आधी ती ट्रंक माळ्यावर चढवली." बरोबर घेतलं. पोरी, हे मी कितीदाही वाचून दाखवेन.

पण पुढचं ऐक. शेवटची प्रत सरळ वापरायची नसते. आधी तिची नक्कल काढायची. आजारी डिस्क उपटून बाजूला ठेवली, पेनड्राइव्हचं उरलेलं भोकही बुजवलं. मशीन सीडीवरून सुरू केलं, म्हणजे जुन्या घाणीचा संबंध नको. तुझी डिस्क जोडली, शेजारी नवी कोरी. नक्कल सुरू झाली. मी कॅबिनेटवर हात ठेवून बसलो, जावईबापू शेजारी.

अर्ध्यात आवाज आला. खट्. थोड्या वेळाने पुन्हा खट्. डिस्क मरायला लागली की असाच आवाज करते, मी ऐकलाय तो. पडद्यावरची रेघ जागची हलेना. आई चौकटीत येऊन उभी राहिली, "काय वं, काय झालं?" मला वाटलं आता गेलं सगळं, निदान बंद तरी करावं. बटणाकडे हात नेला. जावईबापूंनी माझं मनगट धरलं. शिवणाऱ्या माणसाची पकड, सुटेना. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी कॅबिनेटवर ठेवला होता, माझ्यासारखाच. डोळे मिटले आणि बोटाने हवेत गोल काढला. मग पुन्हा गोल.

फिरतंय, असं सांगत होते.

मला खट् ऐकू येत होतं म्हणून मी घाबरलो. त्यांना फिरणं कळत होतं म्हणून ते थांबले. मी तेव्हा बटण दाबलं असतं तर नक्कल अर्धी राहिली असती आणि ती डिस्क पुन्हा फिरली असती की नाही, यमाईलाच ठाऊक. मनगट धरूनच आम्ही दोघं बसलो. रेघ सरकली. थांबली, पुन्हा सरकली. दुपारची उन्हं अंगणातून निघून गेली तेव्हा पूर्ण झाली. नव्या डिस्कवरून मशीन सुरू केलं. एक्सपीची ती ओळखीची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ पडद्यावर आलं. प्रोग्रॅम उघडला. यादीत तुझं नाव होतं.

मला त्यांचे हात वाचता येत नाहीत. त्यांनी खिशातला शिंप्याचा खडू काढला आणि शहाबादी फरशीवर लिहिलं, "आणखी एक नक्कल काढा." आणखी एक काढली. आज तिसरीही काढली, ती ते परत घेऊन येताहेत. ट्रंकेतच ठेवा. माळ्यावर.

आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. जावई पोटभर जेवला म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. फरशीवरचं ते लिहिलेलं ती पुसू देत नाहीये.

आता तुम्ही या. दोन फेब्रुवारी, रविवार. चौकात फ्लेक्स नाही. धनाजी तोंड लपवत फिरतोय. मीच त्याला बोलावून सांगितलं, गड्या, तुझी चूक नाही. तो म्हणाला, "मग हंबीरदा, रांगोळी तरी काढू द्या की." काढू दे म्हटलं. रांगोळीतून व्हायरस येत नाही.

आप्पा

औंध, आपल्याच घरात, २ फेब्रुवारी

समोरच्या खुर्चीतल्या शिवांजलीला,

तू समोर आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. तुझी आई म्हणते, "ह्यांचं डोस्कं फिरलंय." फिरलं असेल.

ओटी भरून झाली, हिरवी साडी तुला छान दिसते. तू आल्यापासून आपण एकमेकांकडे बघून नुसतं हसतोय. तू विचारलंस, "बरे आहात?" मी मान हलवली. तुझा आवाज थोडा बदललाय, बरेच दिवस स्वतःचा न ऐकल्यामुळे असेल.

कित्तूर मॅडमनी पेटी जोडली आहे. कोरं यंत्र तुझ्या कानामागे बसलंय. मिक्सर बंद, मोटर बंद, आई चुलीपाशी हात बांधून उभी. माझा इन्व्हर्टर भरलेला आहे, तरी मी दर मिनिटाला त्याच्या दिव्याकडे बघतोय. जावईबापूंचा तळवा कॅबिनेटवर आहे. त्यांनी आत्ताच माझ्याकडे बघून गोल काढला.

मॅडम म्हणाल्या, माप जुनं आहे. इतके महिने शांततेत काढलेल्या कानाला ते एकदम भरलं तर घाव बसल्यासारखं होईल. म्हणून अगदी कमीपासून सुरू करून हळूहळू वर जाणार. कदाचित आज काहीच कळणार नाही, असंही म्हणाल्या. एवढं जुनं सगळं, मशीन जुनं, प्रोग्रॅम जुना, माप जुनं, आणि त्यातला एक धागा तुटला तर पुढे काही नाही. मी हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. तू यंत्र लावून शाळेत जायचीस तेव्हापासून मी रोज असाच घाबरतोय. त्या दाराआडच्या प्रश्नातही तीच भीती होती, पोरी. मी तुझी परीक्षा घेत नव्हतो. तुझं "येतंय" ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नव्हता.

मॅडमनी बटण दाबलं आहे. रेघ पुढे चालली आहे. त्या मला खुणावतायत, काहीतरी बोला म्हणून. मी काय बोलू? मी तोंड उघडलं की तू तुझ्या चेहऱ्यावर "ऐकू येतंय" असं आणशील, आलं नाही तरी आणशील, मला बरं वाटावं म्हणून. आणि पुन्हा तोच रेडिओ. म्हणून मी बोलत नाही. खाली मान घालून लिहितोय. तुझ्याकडे बघायचाही धीर होत नाही. तू हात पुढे का केलास? पेन कशाला पाहिजे तुला

(खाली, वेगळ्या अक्षरात)

तुमच्या पेनाची खरखर ऐकू येतेय, आप्पा. लिहिणं पुरे. बोला. ओव्हर.